टोपी

दांडिया बाजारातल्या दातांच्या लॅबमध्ये
दुपारी अडीचला फोन आला.
"नीलाक्षी मॅडम? टिपनिश?"
टिपणीस, मी म्हटलं. बोटांवर प्लास्टर वाळत होतं.
आमच्या आडनावाच्या माणसांनी म्हणे कधीकाळी
दुसऱ्यांच्या दौलतीची पै न् पै टिपून ठेवली.
माझी तेवढी टिपायची राहून गेली.

बहात्तर हजार.
एकदम नाही झाले. एकदम झाले असते
तर घाबरले असते, थांबले असते.
आधी एसी, बडोद्याच्या मे महिन्यात,
त्याला कोण नाही म्हणणार?
मग रेवाचा गरब्याचा सीझन पास, आरशांची चणियाचोळी,
मग अलकापुरीत सेलमध्ये नुसतंच काहीतरी,
जे आता बिलावर नाव वाचूनही आठवत नाही.

महिन्याला किमान रक्कम भरायचे, तीन हजार सहाशे,
आणि स्वतःला फार व्यवस्थित समजायचे.
एका रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन बसले.
जवळजवळ तीन हजार व्याजात आणि व्याजावरच्या करात.
मुद्दलापर्यंत पोचायचे सहाशे.
सहाशे!

फोनवरचा मुलगा गोड होता,
गुजरातीत सुरू झाला, हिंदीत घसरला,
"नऊ महिने शून्य टक्के, मॅडम.
तुमचं सगळं देणं आमच्याकडे येऊन जाईल,"
हे मात्र मराठीत, जसं काही देणं सुट्टीला येणार होतं.
फी दोन टक्के, एक हजार चारशे चाळीस.
त्यावर कर, दोनशे एकोणसाठ रुपये वीस पैसे.
वीस पैसे मी शेवटचे कधी पाहिले?

आम्ही लॅबमध्ये कॅप म्हणतो, माझ्या सासूबाई टोपी म्हणायच्या.
शेजारच्या दाताच्या रंगाला रंग मिळवून बनवते मी,
कुणाला कळू नये अशी.
डॉक्टर माप पाठवतात
तेव्हा आतली कीड खरवडून झालेली असते.
न खरवडताही टोपी बसते.
हसताना छान दिसते. काही महिने.

रात्री जयराजला सांगितलं,
भाजी वाढता वाढता, म्हणजे वर बघावं लागत नाही.
तो उठला. वाटलं, चिडला.
कपाटाच्या वरच्या फळीवरून, जुन्या पंचांगामागून
एक पाकीट आणून त्यानं ताटाशेजारी ठेवलं.
एकतीस हजार. स्कूटरचं इंजिन,
आणि भावाला दिलेले पंधरा.
"तुला कसं सांगावं तेच…"
हसायला आधी मी लागले.
वरणावर साय धरली.

आठवड्यानं जुन्या कार्डाचा मेसेज:
आपली उपलब्ध मर्यादा ऐंशी हजार.
हे त्या गोड मुलानं सांगितलं नव्हतं.
कर्ज बिऱ्हाड हलवून गेलं,
आणि मागे रिकामी खोली, झाडलेली,
दिवा लावून, दार उघडं.
मांडवीतल्या एका दुकानात
माझा हात पर्समध्ये गेला होता.
हे जयराजला अजून सांगितलेलं नाही.

दर पाच तारखेला आठ हजार. दोन हप्ते गेले.
त्याच्या एकतीसला अजून हात लागलेला नाही.
रेवा म्हणाली, पास नको,
सोसायटीतला गरबा बरा, चपला तरी जागेवर राहतात.
ती खरंच म्हणाली की ऐकलं होतं तिनं
त्या रात्रीचं, भिंतीपलीकडून, विचारलं नाही.

जुनं कार्ड बंद करायचा अर्ज केला, पण नंतर.
तीनदा "थांबा ना, मॅडम" ऐकून.
त्याआधी, मांडवीच्या दुसऱ्या दिवशी,
लॅबमधले सगळे जेवायला गेल्यावर
रबरी वाटीत प्लास्टर कालवलं,
कार्ड आडवं ठेवलं, वरून ओतलं.
घट्ट होताना प्लास्टर गरम होतं.
नव्या पोरी दचकतात.
मी तो गोळा ओंजळीत धरून बसले,
गार होईपर्यंत.